उलटे आटे

संगीताच्या उजव्या मनगटाने दगा दिला तो भाकरी उलथताना. भाकरी उचलली, हात वळवायला गेली आणि हात वळेचना. भाकरी निम्मी तव्यावर, निम्मी चुलीत. नवरा पांड्या समोरच बसला होता. "जाऊ दे, आज भात खाऊ," म्हणाला. खाल्ला भात. पण संगीताला धास्ती पडली ती भाकरीची नव्हे. भाकरी घरात कोणीही भाजेल. माशी कोण बांधणार?

ही माशी घोंघावणारी नाही, हे आधी सांगितलेलं बरं. बोटाच्या पेराएवढा आकडा घ्यायचा, त्यावर दोरा, लोकर, कोंबड्याच्या मानेचं पीस आणि बारीक तार गुंडाळून एक खोटा किडा तयार करायचा. डोंगरातल्या गार नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो या किड्याला भुलतो आणि हौशी लोकांच्या गळाला लागतो. डहाणूच्या समुद्रात हा मासा औषधालाही सापडायचा नाही. तलासरीच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या वाढवणच्या जमनाला संगीताने एकदा माशी दाखवली, तर ती पोट धरून हसली. "याला बोंबील तरी येल का गो?" म्हणाली. संगीताला राग आला. अकरा वर्षं केलेल्या कामाला कोणी हसलं की राग येणारच.

ती अकरा वर्षं गेली सरावलीला, महादेवकाकांच्या चिकूवाडीत. वाडीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक लांब शेड होती. काकांनी तिथे सोळा बायका बसवल्या आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत विलायतेला माशा धाडल्या. बायका साऱ्या पाड्यांवरच्या, पावसात भात लावणाऱ्या आणि एरवी मिळेल त्या मजुरीला जाणाऱ्या. सावलीत बसून करायचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं. त्या सोळा जणींत संगीताचा हात धरणारी कोणी नव्हती. तिने डझनभर माशा बांधल्या की बाराच्या बारा जुळ्या. दोन हजार सोळात त्या व्यापाऱ्याने माल उचलणं थांबवलं आणि शेडला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी काकांनी प्रत्येकीला तिचा वाईस घरी न्यायला दिला. वाईस म्हणजे टेबलाला लावायचं लोखंडी अवजार, आकडा आपल्या चोचीत घट्ट धरून ठेवणारं. पंधरा जणींनी तो माळ्यावर टाकला. संगीताने पडवीत टेबल मांडलं आणि काकांनीच गाठ घालून दिलेल्या कुलूच्या एका दुकानदारासाठी, ठाकूरसाठी, ती माशा बांधत राहिली.

डहाणूच्या डॉक्टरणीने मनगट दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं.

"काम काय करता?"

संगीताने हवेत बोटं फिरवून दाखवली.

"दिवसातून किती वेळा?"

एका माशीला साठ-सत्तर वेढे, दिवसाला तीन डझन माशा. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "हे फिरवणं बंद करा," म्हणाल्या.

"किती दिवस?"

"दिवस नाही, बंदच. नाहीतर उद्या या हाताने हंडा उचलता येणार नाही." चहात साखर कमी घाला, असं सांगावं त्या सुरात त्यांनी हे सांगितलं. त्यांचंही काय चुकलं म्हणा. बाहेर चाळीस माणसं बसली होती.

जानेवारी दोन हजार अठरा चालू होता. एक मार्चला तिकडे हिमाचलात ट्राउटचा मोसम उघडतो. ठाकूरने वीस डझन केसाळी मागितल्या होत्या, फेब्रुवारी संपायच्या आत. केसाळी हे शेडमधल्या बायकांनी ठेवलेलं नाव. तिचं इंग्रजी नाव वेगळं होतं, पण त्याने कोणाचं काही अडत नव्हतं. शेपटीला मऊ पिसांचा झुबका, अंगाला लोकर, वरून मानेचं एक लांब पीस शेपटीपासून डोक्यापर्यंत गुंडाळत न्यायचं आणि त्यावर तार. सगळ्यांत जास्त वेढे हिलाच लागतात. संगीताने फोनवर ठाकूरला खरं ते सांगून टाकलं. तो भला माणूस. म्हणाला, हात सांभाळ, पण मोसम माझ्यासाठी थांबणार नाही; तुला जमत नसेल तर मला दुसरीकडे बघावं लागेल. आणि मग त्यानेच सांगितलं की फिरता वाईस घे. त्यात आकडा फिरतो. पीस नुसतं धरून ठेवायचं, डाव्या हाताने हँडल फिरवायचं, उजव्या मनगटाला हलायचं कारणच नाही.

झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही.

घरात बारावी झालेली एकच, धाकटी जाऊ कमळी. इंटरनेटवरून काही मागवायचं तर ते खातं तिच्याकडे. दोघी पडवीत बसून फोनवर वाईस बघायच्या. पहिलाच दिसला तो अमेरिकेचा, अठरा हजारांचा. कमळीने तो एकदा मोठा करून बघितला, एकदा संगीताच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे सरकवला. खाली एक होता नऊशेचा. फोटोत तो फिरत होता, रंगाने चकचकीत होता. मागवला. आला. फिरायचाही. पण आकडा वाईसच्या फिरत्या दांड्याच्या सरळ रेषेत नव्हता, चोच तिरकी होती. हँडल फिरवलं की आकडा जागच्या जागी न फिरता घाण्याच्या बैलासारखा गोल हिंडायचा. अशा हिंडत्या आकड्यावर पीस गुंडाळायचं म्हणजे हसं करून घ्यायचं. शिवाय संगीताने आकड्याला नखाने टिचकी मारली. चांगल्या पकडीतला आकडा टिचकीला 'ट्रिंग' म्हणतो. हा मुका राहिला. परत पाठवला.

मग तिने शहाणपण केलं. कमळीला म्हणाली, रंग बघू नको, आकडा आणि दांडा एका रेषेत आहेत का ते बघ. चोच पोलादाची आहे का बघ. दांडा ज्यात बसतो ते पितळेचं असेल तर उत्तम, गचके बसणार नाहीत. दोऱ्याची रीळ अडकवून ठेवायला बाजूला काडी हवी. आणि टेबलाला लावायचा शिकंजा जाड हवा, आपलं टेबल सागाचं नाही. एवढ्या अटी घातल्यावर दोनच उरले. त्यातला चोवीसशेचा आपल्याच देशात बनवलेला. त्याच्या माहितीत चारदा लिहिलं होतं की हा खरा फिरता वाईस आहे. कमळी म्हणाली, "चारदा लिवलंय म्हणजे खोटं असल." संगीता म्हणाली, मागव.

तो आला तेव्हा संगीता खुलली. चोच बारीक, टोकदार, टिचकीला ट्रिंग म्हणणारी. आकडा लावून हँडल फिरवलं तर आकड्याचं टोक गोल फिरलं आणि आकड्याची सरळ दांडी जागची हलली नाही. डोळे भरून बघावं असं ते अवजार होतं. तिने लोकर लावली, पीस बांधलं, पीस उजव्या हातात स्थिर धरलं आणि डाव्या हाताने हँडल फिरवायला सुरुवात केली. एक वेढा. दोन. तीन. चौथ्या वेढ्याला हँडल सैल झालं, सहाव्याला सुटून तिच्या हातात आलं, पीस सैलावलं आणि सगळे वेढे विस्कटले.

हँडल दांड्याच्या मागच्या टोकाला आट्यांवर बसवलेलं होतं, बाटलीचं झाकण बसावं तसं. तिने ते पिळून घट्ट केलं. पुन्हा सहाव्या वेढ्याला हातात. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कमळीने वाईसच्या दुकानदाराला लिहिलं की माल खराब आहे, आणि पाचातला एक तारा दिला. दुकानदाराने कुरकुर न करता नवा पाठवला. नव्याचं हँडलही सहाव्या वेढ्याला सुटलं. या वेळी दुकानदाराने कळवलं, मॅडम, आजवर दुसऱ्या कोणाची अशी तक्रार नाही.

"दुसऱ्या कोणाची नाय म्हणजे?" संगीता भडकली. "मी काय मुद्दाम सोडते?"

पांड्याने मग आपली अक्कल चालवली. आट्यांवर दोरा गुंडाळून बघितला, मग झटपट चिकटणारा गोंद घातला. गोंदाने अर्धा दिवस दम धरला आणि सोडला. आता गोंद लागलेला वाईस दुकानदार परत घेणार नव्हता. फेब्रुवारीची आठ तारीख उलटली होती. वीस डझनांतल्या दोन डझन माशा संगीताने जुन्या वाईसवर, हाताला फडकं आवळून बांधल्या होत्या, आणि तेवढ्यात मनगट उंबरासारखं सुजलं होतं. काम सुटणार हे तिला आता दिसायला लागलं. उद्यापासून फुगा कारखान्यात पाकिटं भरायला जाईल, पोट भरेल, त्याचं काही नाही. पण तिच्यासारखं दुसऱ्या कोणाला येत नाही असं जगात एकच काम होतं, आणि ते सहाव्या वेढ्याला हातातून सुटत होतं. ती रडली. कमळीने तिला रडू दिलं आणि स्वैपाक उरकून टाकला.

पांड्या भाड्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. चिंचणीला त्याची खेप असायची. तिथल्या रविंद्र डायवाल्याची आणि त्याची जुनी ओळख. दागिने ठोकायचे पोलादी ठसे, म्हणजे डाय, कोरण्यात या चिंचणीकरांचा हात बसलेला, आणि रविंद्र तर केसाएवढी रेघ पोलादात काढणारा माणूस. "त्याला दाखव," पांड्या म्हणाला. "त्याला नाय समजलं तर मग भंगारात."

रविंद्रने वाईस हातात घेऊन चारी अंगांनी बघितला, दांडा मागेपुढे करून पाहिला, चोचीवर कानस टेकवून पाहिली. "माल चांगला आहे की," म्हणाला.

"मग हँडल का सुटतं?"

"फिरवून दाखवा ताई."

संगीताने फिरवलं. सहाव्या वेढ्याला हँडल हातात. तिने ते रविंद्रच्या नाकासमोर धरलं. रविंद्रने ते पुन्हा बसवलं आणि स्वतः फिरवलं. दहा वेढे झाले, वीस झाले, पन्नास झाले. हँडल सुटलं तर नाहीच, उलट इतकं आवळलं की काढायला पक्कड घ्यावी लागली.

"तुम्ही उलटं फिरवता," रविंद्र म्हणाला.

"मी बराबर फिरवते."

"अहो, तुमची वरची बाजू पलीकडे जाते. ती अंगाकडे यायला हवी. हे बघा." त्याने कोपऱ्यातल्या ग्राइंडरकडे बोट केलं. दोन टोकांना दोन चाकं. "उजव्या चाकाच्या नटाला सुलटे आटे, डाव्याला उलटे. दोन्ही सुलटे ठेवले असते तर डावं चाक फिरता फिरता नट सोडून पळालं असतं. सायकलच्या डाव्या पेडलला पण तसंच. तुम्ही डावं पेडल मारताय ताई, आणि आटे आहेत उजव्याचे."

संगीताने मान हलवली. तुझ्यासारखं फिरवलं तर वेढे उलट पडतात, म्हणाली. तारेचा कल दुसरीकडे जातो, हे मला ठाऊक आहे. आमची माशी तशी नसते. रविंद्रने वाईस बाजूला ठेवला. मग म्हणाला, "एक माशी बांधून दाखवा. हाताने. तुम्ही नेहमी बांधता तशी."

तिने पिशवीतून जुना वाईस काढला, त्याच्या बाकाला लावला आणि बांधायला घेतलं. रविंद्र तिच्या मनगटाकडे बघत होता, माशीकडे नाही.

"तुम्ही उजव्या हाताच्या ना? मग दोरा वरून अंगाकडे का ओढता? उजव्या माणसाचा हात वरून पलीकडे जातो, आपोआप. तुम्ही दर वेढ्याला मनगट मोडताय. मी असा छिन्नीवर हात धरला असता तर दोन वर्षांत घरी बसलो असतो. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"महादेवकाकांनी."

"डावखुरे आहेत का ते?"

संगीता नाही म्हणणार होती. काका जेवायचे उजव्या हाताने. पगाराच्या वहीत लिहायचे उजव्या हाताने. विवळवेढ्याला देवीपुढे नारळ ठेवायचे तोही उजव्याने. आणि मग तिला शेडमधले काका दिसले, नमुन्याची माशी बांधताना. दोरा डाव्या हातात. आकड्याचं तोंड डावीकडे. अकरा वर्षं रोज बघितलेलं, आणि कधी मनात सुद्धा आलं नव्हतं.

दुसरंही आठवलं. पहिला दिवस. काकांनी प्रत्येकीपुढे एक माशी ठेवली आणि म्हणाले, हुबेहूब अशी. संगीताने बांधली. शेजारी धरून बघितली तर नमुन्यात तारेचे वेढे एका बाजूला झुकलेले, तिच्या माशीत दुसऱ्या. बाकी कोणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. तिने माशी उसवली आणि दोरा वरून अंगाकडे ओढत पुन्हा बांधली. अवघड गेलं, पण जमलं. काका वाकले, दोन्ही माशा तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "शाब्बास." त्यांनी ती साऱ्या शेडला दाखवली. पंधरा जणींनी तिचं बघून आपला हात बदलला.

"उलटे आटे पाडून देतो," रविंद्र सांगत होता. "ग्राइंडरसाठी ठेवलेलं आटे पाडायचं हत्यार आहे माझ्याकडे, टॅप. दांड्याला बारीक तुकडा जोडावा लागेल. सोमवारी न्या."

टेम्पोत बसल्यावर ती पांड्याला म्हणाली, "सरावलीला घे."

"आता? चिकूचे खोके पोचवायचेत मना."

"घे म्हटलं ना."

काका ओटीवर चिकू निवडत बसले होते. मोठे एका टोपलीत, लहान दुसऱ्या. चौऱ्याहत्तरी गाठलेली, काम सावकाश, उजव्या हाताने. संगीताला बघून त्यांचा चेहरा फुलला. आत हाक मारून त्यांनी चहा सांगितला आणि कुलूच्या ठाकूरची चौकशी केली. संगीता बसली नाही.

"काका, तुम्ही डावखुरे ना?"

काकांच्या हातातला चिकू हातातच राहिला.

"आम्ही सगळ्या उलट्या बांधतो. तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"तू ती पहिली माशी उसवून पुन्हा बांधलीस ना, तेव्हापासून." त्यांनी चिकू खाली ठेवला. "बस गो जरा. बसत नाहीस? बरं. शाळेत गुरुजी माझा डावा हात बाकाला बांधून ठेवायचे. सुतळीने. जेवताना डावा पुढे आला की आई फटका द्यायची. देवाला फूल वाहताना तर विचारूच नको. शिकलो उजव्याने सगळं. बायकोलाही लग्नानंतर वर्षाने कळलं. शेडमध्ये तेवढा हा हात मोकळा सोडला, माशी उजव्याने जमेचना म्हणून. आणि तू माझ्यासारखी बांधलीस. मग सगळ्याजणी. सोळा बायका बसल्यात आणि सोळाही माझ्यासारख्या. मला बरं वाटलं, संगीता. खोटं कशाला सांगू?"

"माझा हात गेला, काका."

त्यांनी तिच्या मनगटावरच्या फडक्याकडे बघितलं. आतून कपबशीचा आवाज आला.

"तो अमेरिकेचा फिरता वाईस घे," ते शेवटी म्हणाले. "माझा मुलगा सांगत होता, फार चांगला असतो. मी घेऊन देतो."

"नको."

"रागाने नको म्हणू नको."

"रागानेच म्हणते." तिचा आवाज चढला, आणि काकांसमोर तिचा आवाज त्याआधी कधी चढला नव्हता. "एक शब्द सांगायचा होता. संगीता, मी डावखुरा, तू नाय, तुझ्या हाताने बांध. एवढंच. मग मी हजार वर्षं बांधल्या असत्या."

चहा बाहेर आला तेव्हा ती पायऱ्या उतरली होती. अकरा वर्षांत त्या घरून ती चहा न पिता कधी गेली नव्हती. टेम्पोत तिला काकांचा राग येत होता, आणि सुतळीने बाकाला बांधलेल्या त्या लहान हाताची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे धड रागावताही येईना की रडताही येईना. पांड्याने मात्र खोके उशिरा पोचले म्हणून व्यापाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या.

सोमवारी वाईस आला. रविंद्रने मजुरी घेतली दीडशे रुपये आणि वर सांगितलं, हा आता दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही, कोणी मागितला तर देऊ नका. संगीताने आकडा लावला. पीस धरलं. फिरवलं. सहावा वेढा गेला. दहावा गेला. पीस शेपटीपासून डोक्यापर्यंत एकसारख्या अंतरावर बसत गेलं आणि हँडल प्रत्येक वेढ्याला आवळत गेलं. तिने दोऱ्याची गाठ मारली, माशी उतरवली आणि मग मनगटाकडे बघितलं. ते टेबलावर पडून होतं, काहीच न केल्यासारखं. दोराही ती वाईस फिरवूनच गुंडाळायला शिकली. वीस डझन केसाळी चोवीस तारखेला कुलूला निघाल्या.

"ताई, तो एक तारा?" कमळीने विचारलं.

"पाच कर. आणि माफी माग त्याची."

"काय लिवू?"

"लिव की आमची चूक होती." जरा थांबून म्हणाली, "नको. नुसतं माल चांगला आहे लिव."

मार्चमध्ये ठाकूरने आणखी तीस डझन मागितल्या. एकटीच्या हाताने त्या होण्यासारख्या नव्हत्या. कमळी आधीपासूनच मागे लागली होती. संगीताने तिला जुना वाईस लावून दिला, आकडा कसा धरायचा ते सांगितलं, दोरा कसा ताणायचा ते सांगितलं. नवऱ्याला डबा द्यायचा होता, म्हणून घाईत तिने आपली एक केसाळी कमळीपुढे ठेवली आणि म्हणाली, "ही बघून बांध. अशीच." आणि चुलीकडे गेली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही.

परत आली तेव्हा टेबलावर दोन माशा शेजारी शेजारी होत्या आणि बाजूला कापलेल्या दोऱ्याचा गुंता. कमळीच्या कपाळावर घाम होता.

"पहिली बांधली ना, ती तार दुसरीकडे झुकली," कमळी म्हणाली. "तुझी अशी, माझी तशी. मग मी सोडली ती आणि दोरा माझ्याकडे ओढत गेली. हात लय दुखला. पण बघ."

संगीताने दोन्ही माशा तळहातावर घेतल्या. तिची कोणती आणि कमळीची कोणती हे कोणाला सांगता आलं नसतं. पहिल्याच दिवशी. तिच्यानंतर हे काम कोणाला येणार नाही असं ती धरून चालली होती, आणि इथे समोर एक जण तिच्यासारखी बसली होती, अगदी तिच्यासारखी, हुबेहूब. शाब्बास हा शब्द जिभेच्या टोकावर आला. खरंच आला. तो म्हणायला किती बरं वाटलं असतं हे तिला त्या क्षणी कळलं, आणि सरावलीच्या शेडमध्ये वाकून उभे राहिलेले काका कळले.

तिने कमळीची माशी उचलली, कातरीने तिचा दोरा कापला आणि आकडा मोकळा करून तिच्या हातात दिला.

"अगं! का?" कमळी ओरडली. "चुकली?"

"पहिली बांधलीस ती बराबर होती. तुझा हात जातो तसा जाऊ दे."

"पण ती तुझ्यासारखी नव्हती होत."

"नको होऊ दे," संगीता म्हणाली. "माझ्याकडे बघून बांधू नको. मी उलटी बांधते."

कमळीने तोंड फुगवलं आणि पुन्हा दोरा लावला. या वेळी तिचा हात वरून पलीकडे गेला, सहज. संगीता थोडा वेळ तो हात बघत उभी राहिली. मग पांड्याला डबा द्यायला बाहेर गेली. तो टेम्पो चालू करत होता.

"उद्या सरावलीवरून जाशील?" तिने विचारलं. "मी येते. काकांकडे माझा चहा राहिलाय."